उजाडतं तसं पसरतं

शाळेतलं विज्ञान : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात विसरण (कणांचं आपोआप पसरणं) आणि परासरण (पाण्याचं पातळ पटलातून पलीकडे जाणं) या दोन धड्यांवरचे प्रश्न मागवले होते. पालकांनी लिहिलं, शिक्षकांनी लिहिलं, आणि मला सगळ्यात आनंद याचा की मुलांनीही लिहिलं. दापोली तालुक्यात एकतीस वर्षं मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं. या धड्यांवर मुलं जितकी अडतात तितकी क्वचितच दुसरीकडे अडतात, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

माझी मुलगी आठवीत आहे. चाचणीत प्रश्न होता : काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर पाणी का सुटतं? तिने लिहिलं, ‘मीठ काकडीतलं पाणी ओढून घेतं.’ दोनपैकी शून्य गुण मिळाले. घरात आम्ही सगळे असंच म्हणतो. मग तिचं चुकलं काय?
– एक आई, चिपळूण

ताई, मी तपासनीस असते तर एक गुण नक्की दिला असता. पाणी मिठातून आलेलं नाही, काकडीतून आलंय, हे तुमच्या मुलीला कळलेलं आहे, आणि ते कळणं सोपं नाही. माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं तरी लिहायची की मीठ वितळून त्याचंच पाणी होतं. त्यात आपल्या बोलण्याचाही वाटा आहे. बर्फ वितळतो आणि ‘चहातली साखर वितळली का बघ’ असंही आपण म्हणतो. साखर विरघळते, वितळत नाही. पण घरात एकच शब्द ऐकलेल्या मुलाला वाटतं की बर्फासारखं साखरेचंही पाणी झालं. तुमची मुलगी ही पायरी ओलांडून पुढे आली आहे. तिचं अडलं ते ‘ओढून घेतं’ या शब्दावर.

तुम्ही चिपळूणच्या, तेव्हा काकडी बाजूला ठेवून कोकमाचं सरबत घेऊ. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धुऊन, पुसून फोडतो. बिया काढल्या की सालींच्या वाट्या उरतात. त्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि काचेच्या बरणीत थरावर थर लावायचे. पाण्याचा थेंब घालायचा नाही. माझी सासू तर ओला हात बरणीच्या आसपास फिरकू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी बोटभर रस दिसतो. आठवडाभर ऊन दाखवलं की साखर दिसेनाशी होते आणि वाट्या चामट, सुरकुतलेल्या होऊन लालभडक पाकात तरंगायला लागतात. एवढं पाणी आलं कुठून? सालीतून. पण ते बाहेर आणलं कुणी?

साल लाखो पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. त्यातून पाण्याचे कण सहज ये-जा करतात, साखरेचे कण मात्र जवळजवळ जाऊच शकत नाहीत. पुस्तकात त्यालाच निवडक्षम पारपटल म्हटलंय. पाण्याचे कण कधीच स्वस्थ नसतात. आतले कण पटलावर आदळतात, काही पलीकडे जातात. बाहेरचे आदळतात, त्यातले काही आत येतात. आत बहुतेक पाणीच आहे. बाहेर, सालीच्या ओलाव्यात विरघळलेल्या साखरेच्या त्या दाट थेंबात, बरीच जागा साखरेच्या कणांनी अडवलेली आहे. म्हणून बाहेरच्या बाजूने पटलापर्यंत पोचणारे पाण्याचे कण कमी. समजा एका क्षणात शंभर कण बाहेर गेले आणि साठच आत आले, तर चाळीस बाहेर जास्त झाले. क्षणाक्षणाला असे चाळीस साठत गेले की तळाशी बोटभर रस होतो.

यात साखरेने पाणी ओढलेलं नाही. पाण्यालाही साखरेकडे जायचं नव्हतं. दोन्ही बाजूंचे कण पूर्वीसारखेच वाट्टेल तसे धावत होते, फक्त जाणारे जास्त आणि येणारे कमी होते. हेच परासरण, आणि काकडीवरच्या मिठाचंही असंच.

त्याच बरणीत पुढची गोष्टही घडते. पहिला रस फिकट असतो. पाणी गमावून पेशी मरतात, पटलं फाटतात, आणि मग सालीतला लाल रंग आणि आंबटपणा बाहेर येऊ लागतो, साखर आत शिरू लागते. आता अडवायला पटलच उरलेलं नाही. हे विसरण झालं. म्हणजे कोकमाच्या एका बरणीत दोन्ही धडे, आधी परासरण आणि मग विसरण. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत मी हाच प्रयोग करायची आणि जूनमध्ये वर्गात सरबत व्हायचं.

आता ‘ओढून घेतं’बद्दल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सगळं ऐकून घेतलं, फळ्यावरचे बाण वहीत उतरवले आणि मग हात वर केला. “बाई, ते सगळं कळलं. पण करतं कोण?” इतकी वर्षं मुलं नेमकी कुठे अडतात ते मला त्या दिवशी दिसलं. मुलांना कर्ता हवा असतो. मीठ ओढतं, पाणी पळतं, पेशी पाणी पिते, कणांना गर्दी आवडत नाही. दरवेळी कुणीतरी काहीतरी करायलाच हवं. अमेरिकेतल्या संशोधक मिशेलीन ची यांनी २००५ मध्ये हेच मांडलं. काही घटना कुणी घडवत नाही, असंख्य कणांच्या आपापल्या हालचालींतून त्या आपोआप उभ्या राहतात. आणि मुलं त्यांनाही कुणीतरी घडवलेली गोष्ट समजतात, म्हणून त्यांच्या या चुका इतक्या चिवट असतात.

त्या मुलीला मी मराठीच्या तासाची आठवण करून दिली. ‘उजाडलं’ या वाक्यात कर्ता कोण? ‘सांजावलं’ मध्ये? ‘मळमळतंय’ मध्ये? कुणीच नाही, तरी वाक्य पुरं आहे आणि अर्थही पुरा आहे. व्याकरणात अशा प्रयोगाला अकर्तृक म्हणतात. विसरण तसं आहे, उजाडतं तसं पसरतं. त्या वर्षीपासून मी ‘मीठ पाणी ओढतं’ यावर फुली मारणं सोडलं. त्याखाली लिहायची : ‘कर्ता काढून पुन्हा लिही.’ तुमच्या मुलीलाही हेच सांगा. तिला जमेल.

मी आठवीला विज्ञान शिकवतो. ‘विसरण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, परासरण कमी संहतीकडून जास्त संहतीकडे’ हे मुलं घडाघडा म्हणतात, पण प्रयोग समोर ठेवला की उलटंसुलटं सांगतात. कुठे कमी पडतोय?
– एक शिक्षक, लातूर जिल्हा

सर, त्या दोन ओळीच मुलांना घोटाळ्यात पाडतात. संहती म्हणजे एखाद्या पदार्थाचं मिश्रणातलं प्रमाण. पहिल्या ओळीतली संहती पसरणाऱ्या पदार्थाची आहे. दुसरीतली आहे विरघळलेल्या साखरेची किंवा मिठाची, आणि सरकतंय मात्र पाणी. शब्द एकच, माणसं दोन. मुलाला वाटतं, निसर्गात एकमेकांच्या उलट असे दोन नियम आहेत आणि परीक्षेत कुठला लावायचा ते पाठ करायचं. खरं तर नियम एकच आहे. पाणीसुद्धा जिथे त्याचं प्रमाण जास्त तिथून कमी असलेल्या बाजूलाच जास्त जातं. माझ्या वर्गात ‘संहती’ एकटी उच्चारायची नाही असा नियम होता. कुणी म्हणालंच तर सगळा वर्ग विचारायचा, “कशाची?” पंधरा दिवसांत सवय लागते.

आता बटाट्याचा प्रयोग. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात तो अनेक वर्षं होता. चार अर्धे बटाटे सोलून, कोरून वाट्या करायच्या. त्यातली एक वाटी उकडलेल्या बटाट्याची. ताटलीत थोडं पाणी घेऊन चारही त्यात ठेवायच्या, पाणी काठाच्या बरंच खाली राहिलं पाहिजे. पहिली कच्ची वाटी रिकामी, दुसऱ्या कच्चीत चमचाभर साखर, तिसऱ्या कच्चीत चमचाभर मीठ, उकडलेल्या वाटीत चमचाभर साखर. दोन तास थांबायचं.

पण पाणी ओतायच्या आधीच मुलांकडून लिहून घ्या, नाहीतर प्रयोगाचा उपयोग अर्धा होतो. दोन गोष्टी लिहायच्या : काय होईल आणि का होईल. पहिलं उत्तर अंदाजानेही बरोबर येतं, मूल काय समजलंय ते दुसऱ्यातच दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड ट्रीगस्ट यांनी अशा दोन पायऱ्यांच्या प्रश्नांची पद्धत घडवली, आणि १९९५ मध्ये ओडोम आणि बॅरो या अमेरिकी संशोधकांनी खास विसरण-परासरणासाठी बारा प्रश्नांची तशी चाचणी तयार केली. ती वरच्या वर्गांसाठी आहे, पण रीत सातवीलाही चालते.

माझ्या मुलांनी काय काय लिहिलं ते सांगते. उकडलेल्या वाटीत सगळ्यात जास्त पाणी येईल, ‘कारण तो मऊ आहे, मऊ वस्तू जास्त शोषते.’ दरवर्षी हे उत्तर सगळ्यात जास्त मुलांचं असायचं. फडकं, पाव, स्पंज हे मुलांनी पाहिलेलं आहे, तिथून ते आलं. काही लिहायची, ‘साखर खाली झिरपून ताटलीतलं पाणी गोड होईल.’ एका मुलाने उकडलेल्या वाटीबद्दल अगदी बरोबर अंदाज केला होता, पाणी साठणार नाही म्हणून. कारण वाचलं तर, ‘तो मेला आहे, त्याच्यात काम करायला ताकद नाही.’ फक्त पहिली पायरी तपासली असती तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

दोन तासांनी वाट्या पाहायच्या. साखरेची आणि मिठाची कच्ची वाटी पाण्याने भरत आलेली असते, रिकामी कोरडी असते. उकडलेल्या वाटीतली साखर नुसती ओलसर होते, पाणी चढत नाही. तिथे मुलं गप्प होतात. तो क्षण घाईने भरून काढू नका, त्यांना बोलू द्या. माझ्या वर्गात कुणीतरी म्हणायचंच, “उकडल्यावर पटल गेलं.” मग त्या मेलेल्या बटाट्याच्या मुलाला मी विचारायची, रिकामी कच्ची वाटी तर जिवंत आहे, तिच्यात ताकद आहे, मग तिने पाणी का चढवलं नाही? ही रिकामी वाटी पुष्कळ शिक्षक गाळतात, काहीच घडत नाही म्हणून. कृपा करून गाळू नका.

अजून एक सोपी जोड. बिटाच्या चकत्या करून त्यांच्यावर पाणी ओता. कापताना फाटलेल्या पेशींचा रंग निघून गेला की ते पाणी बदला, नवं पाणी बराच वेळ फिकटच राहतं. त्याच चकत्यांवर उकळतं पाणी ओतलं की रंग धो-धो सुटतो. पटल असणं आणि नसणं मुलांना डोळ्यांनी दिसतं.

विसरणाचं उदाहरण म्हणून मुलाच्या वहीत ‘देवघरात उदबत्ती लावली की वास घरभर पसरतो’ असं आहे. तो म्हणतो, हे तर पंख्यामुळे होतं. पंखा बंद केला तरी मिनिटाभरात वास येतोच. कोण बरोबर?
– एक वडील, पुणे

तुमचा मुलगा बरोबर आहे. आणि हे मी जड मनाने लिहिते, कारण हे उदाहरण मीही वीसेक वर्षं दिलं.

हवेतले कण भन्नाट वेगाने धावतात; नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर असतो. पण क्षणोक्षणी ते एकमेकांवर आपटतात आणि दिशा बदलतात, त्यामुळे धावतात खूप आणि पुढे सरकतात थोडंसंच. आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये विसरणाचे नियम मांडले. त्यांतून निघणारी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा : अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, दसपट झालं की शंभरपट. त्या हिशेबाने पूर्ण स्थिर हवेत वासाच्या कणांना नुसत्या विसरणाने पाच मीटर जायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतील. मिनिटाभरात वास येतो तो हवेच्या झुळकांबरोबर. पंखा बंद असला तरी उदबत्तीच्या टोकाची गरम हवा वर चढते, दाराच्या फटीतून वारा येतो, आपण चालतो त्यानेही हवा ढवळते. शेवटच्या थोड्याशा अंतरात विसरणाचा हात असतो, पण घरभर वास नेतो तो वारा.

ग्लासभर पाण्यात शाईचा थेंब टाकतात त्याचंही तसंच. शाईच्या त्या सुंदर रेघा खाली उतरताना दिसतात ते मुख्यतः पाण्याचे प्रवाह असतात.

खरं विसरण बघायचं तर प्रवाह बंद करावे लागतात. वाण्याकडे चायना ग्रास मिळतं. ते पाण्यात उकळून, साखर वगैरे काही न घालता, उभ्या काचेच्या ग्लासात अर्ध्याच्या वर भरा आणि घट्ट होऊ द्या. वर खायच्या रंगाचं गडद पाणी ओता, झाकण ठेवा. ग्लासाला बाहेरून कागदी पट्टी चिकटवून रोज एकाच वेळी रंग कुठवर उतरला त्याची खूण करा. पहिला सेंटिमीटर साधारण दिवसभरात, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी जास्त वेळ. खुणा जवळ जवळ येत जातात आणि मुलाला फिकचा नियम पट्टीवर दिसतो.

मग त्याला पेशीबद्दल विचारा. पाण्यात एखाद्या छोट्या कणाला विसरणाने एक सेंटिमीटर जायला बारा-चौदा तास लागतात. पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर, तो सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. पेशी इतकी लहान का, आणि आपल्या शरीराला रक्त फिरवणारं हृदय का लागतं, याची उत्तरं या दोन आकड्यांत आहेत. आठवीतल्या मुलाला हे स्वतः शोधून काढता येतं, आणि ते काढताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मी सातवीत आहे. रंग पाण्यात सगळीकडे सारखा पसरला की त्याचे कण थांबतात का? माझी मैत्रीण म्हणते थांबतात, कारण आता जायला जागाच उरली नाही.
– एक विद्यार्थिनी, कणकवली

बाळ, फार छान प्रश्न विचारलास. थांबत नाहीत. तुम्ही दोघी मिळून एक खेळ खेळा म्हणजे कळेल.

चाळीस चिंचोके घ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने १ ते ४० आकडे टाका. तेवढ्याच चिठ्ठ्या डब्यात ठेवा. दोन ताटल्या घ्या आणि सगळे चिंचोके डावीकडच्या ताटलीत ठेवा. आता एकीने न बघता चिठ्ठी काढायची, आकडा वाचायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची. दुसरीने त्या आकड्याचा चिंचोका ज्या ताटलीत असेल तिथून उचलून समोरच्या ताटलीत ठेवायचा. डावीकडे किती उरले ते दरवेळी वहीत लिहा. शंभर चिठ्ठ्या काढा, कंटाळू नका.

सुरुवातीला डावीकडचे भराभर कमी होतील. पन्नासेक चिठ्ठ्यांनंतर दोन्हीकडे वीसच्या आसपास येतील. आणि मग? चिठ्ठ्या निघतच राहतील, चिंचोके इकडून तिकडे जातच राहतील, पण आकडा कधी १८, कधी २२, कधी २०, असा तिथेच घुटमळेल. ‘सारखे व्हा’ असं चिंचोक्यांना कुणी सांगितलं नाही. पलीकडे जागा आहे की नाही हे एकाही चिंचोक्याने बघितलं नाही. तरी सारखे झाले, आणि झाल्यावरही कुणी थांबलं नाही. पॉल आणि तात्याना एरेनफेस्ट या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९०७ साली साधारण असाच खेळ कागदावर मांडला होता, मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा एक वाद समजावून सांगायला.

आणि हे कण जिवंत असतात म्हणून हलतात, असंही कुणी तुला सांगेल. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञालाही आधी तशी शंका आली होती. १८२७ मध्ये परागकणांतून निघालेले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली सारखे थरथरताना त्याने पाहिले. मग त्याने काच आणि दगड यांची पूड करून पाण्यात टाकली. तीही तशीच थरथरली. आजूबाजूचे पाण्याचे कण त्यांना सगळीकडून धक्के देत होते, हे आइनस्टाइनने १९०५ मध्ये गणिताने दाखवलं. तुमच्या ग्लासातला रंग आज सारखा दिसतोय, त्यातही आत्ता हेच चाललंय.

दोन छोटे प्रश्न. निशिगंधाची पांढरी फुलं निळ्या शाईच्या पाण्यात ठेवली की निळी होतात, हे परासरण का? आणि पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटं सुरकुततात, तेही परासरण ना?
– एक पालक, सोलापूर

दोन्हींचं उत्तर नाही.

कापलेल्या दांड्यात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या उघड्या पडलेल्या असतात. वर पाकळ्यांतून आणि पानांतून पाण्याची वाफ होते, तसं खालून पाणी शाईसकट वर चढतं. वाटेत पटल पार करावं लागत नाही. करावं लागलं असतं तर शाई खालीच राहिली असती.

बोटांचं मी स्वतः परासरण म्हणूनच शिकले होते. पण बोटांची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटलेल्या माणसांची ती बोटं पाण्यात सुरकुतत नाहीत, हे डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच नोंदवलंय. परासरणाला नस लागत नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या मज्जासंस्थेच्या इशाऱ्याने आकसतात आणि वरची कातडी आत ओढली जाते, म्हणून सुरकुत्या पडतात. इथे मात्र ‘ओढली जाते’ म्हणायला हरकत नाही.

आमच्या शेतात खाडीचं पाणी शिरलं आणि भात जळून गेला. आजोबा म्हणाले मिठाने जळला. पण खाडीत तिवर तर मजेत उभं असतं. त्याला परासरण लागू नाही का?
– आठवीतला विद्यार्थी, गुहागर तालुका

तुमच्या भाताचं वाचून वाईट वाटलं. आजोबा बरोबर सांगतात. तू फक्त मधल्या पायऱ्या जोडून घे. मुळांच्या पेशींबाहेर खारट पाणी आलं की आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारं जास्त होतं. भोवती पाणी असूनही रोप तहानेनं कोमेजतं, आणि हळूहळू आत शिरलेलं मीठ पेशींचं कामही बिघडवतं. पाण्यात उभं राहून सुकणारं भात बघितलेल्या मुलाला परासरण वेगळं शिकवावं लागत नाही.

परासरण तिवरालाही, खाडीकाठच्या त्या खारफुटीच्या झाडालाही, लागू आहे. त्याला कुणी सूट दिलेली नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून गोडं पाणी वेगळं काढायचं तर सुमारे २५ वातावरणांइतका जोर लागतो, म्हणजे अडीचशे मीटर उंच पाण्याच्या खांबाचा तळाशी जेवढा दाब पडेल तेवढा. तिवर आपल्या पेशींत इतके पदार्थ विरघळवून ठेवतं आणि पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा ताण मुळांपर्यंत इतका पोचवतं, की खाऱ्या चिखलातूनही पाणी आत येतं. मुळांची पटलं बहुतेक मीठ बाहेरच रोखतात. भाताच्या मुळांची तेवढी तयारी नसते.

तरी थोडं मीठ तिवरात शिरतंच. ते बाहेर टाकायला त्याच्या पानांवर बारीक ग्रंथी असतात. पाऊस नसताना, सकाळी ऊन चढल्यावर खाडीकाठी जा, आजोबांना बरोबर घेऊन जा आणि भरतीची वेळ आधी विचारून ठेव. तिवराचं जून पान उन्हात तिरपं धर, बारीक कण चमकताना दिसतील. जिभेचं टोक लावून बघ. मग शेजारच्या कांदळाचं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या खारफुटीचं, पान घे. त्यावर असं मीठ दिसणार नाही, कारण त्याला या ग्रंथी नसतात आणि त्याची सगळी भिस्त मुळाशीच मीठ अडवण्यावर असते. दोन्ही पानं वहीत चिकटव, खाली तारीख आणि वेळ लिही, आणि काय दिसलं ते मला कळव.